ट्रंकेतलं संग्रहालय : तांड्यावरच्या आजीनं माझी पाटी खोडली

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत.)

कुणी बसमध्ये असाल, कुणी भांडी घासता घासता ऐकत असाल. आजचा विषय कपड्यांचा आहे, पण फॅशनचा नाही.

आधी एक सांगा. तुमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये बंजारा डान्स होता का? आमच्याकडे बीडला दरवर्षी असायचाच. ड्रेपरीच्या दुकानातून घागरे भाड्यानं यायचे. चकचकीत पॉलिस्टर, त्यावर गोंदानं चिकटवलेले प्लॅस्टिकचे आरसे, नाच संपेपर्यंत निम्मे स्टेजवर पडलेले. सातवीत असताना मीही त्यात नाचलेय. पहिल्या ओळीत होते, फोटो अजून आहे.

आमच्या वर्गात तांड्यावरून येणारी एक मुलगी होती. त्या नाचात ती नव्हती. आम्ही सगळ्या मिळून तिच्या आजीसारखे कपडे घालून नाचलो आणि ती खाली सतरंजीवर बसून बघत होती. तू का नाहीस गं, असं मी तिला तेव्हा विचारलं नाही. डोक्यातच आलं नाही.

आता मी संग्रहालयांसाठी शैक्षणिक साहित्य तयार करते. म्हणजे वस्तूंच्या खाली लावायच्या पाट्या, मुलांसाठी कृतिपत्रिका, शिक्षकांसाठी मार्गदर्शिका वगैरे. काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयाकडून काम आलं. बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी एक फिरती पेटी बनवायची होती, विषय होता 'पारंपरिक आदिवासी पोशाख'. मी खूश. म्हटलं, आपल्याच जिल्ह्याचं काम आहे. बंजारा पोशाख घेऊ, तो तर मला माहीतच आहे!

तर या कामात मी काय काय चुकले, त्याची ही गोष्ट आहे.

आधी थोडी ओळख

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. बंजारा, लमाण, लंबाडा, लंबाणी ही एकाच समाजाची वेगवेगळ्या प्रांतांतली नावं. ते स्वतःला गोर म्हणतात, त्यांची बोली गोरबोली. आणि बीडच्या बाहेरचे लोक हमखास एक घोळ घालतात, म्हणून सांगते. वंजारी आणि बंजारा हे आज दोन वेगळे समाज आहेत. महाराष्ट्राच्या यादीतही त्यांचे प्रवर्ग वेगळे आहेत.

बंजाऱ्यांचा जुना धंदा वाहतुकीचा. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शेकडो मैल न्यायचं. त्याला लदेणी म्हणतात. फौजांना रसद पुरवायचे तेही हेच. तांडा हा शब्द आज आपण वस्तीसाठी वापरतो, पण मुळात तांडा म्हणजे चालता काफिला. मग १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी निघाली, पुढे रूळ पसरत गेले, पक्के रस्ते झाले आणि लदेणी बसली. त्यात १८७१ मध्ये ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. भटकणाऱ्या अनेक समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि बंजाऱ्यांतले काही गटही त्यात सापडले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. विमुक्त हा शब्द तिथूनच आला.

गंमत बघा. ज्या रेल्वेनं बंजाऱ्यांचे बैल थांबवले, ती बीड शहरात यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. बैल गेले कधीच, रेल्वे आली आत्ता. मधल्या काळात तांड्यावरच्या लोकांच्या हातात कोयता आला. दिवाळीच्या आसपास ट्रक भरतात, ट्रॅक्टर निघतात आणि नवरा-बायकोची जोडी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

फेटिया कसा वाचायचा

आता पोशाख. बाईच्या पोशाखात मुख्य तीन गोष्टी. घागरा म्हणजे फेटिया. चोळी म्हणजे कांचळी, जी पाठीवर उघडी असते आणि बंदांनी बांधतात. आणि डोक्यावरून घ्यायची ओढणी, जिचा कपाळावर येणारा भाग भरतकामानं जड केलेला असतो. कापड जाड सुती, रंग लाल, पिवळे, निळे, हिरवे. त्यावर आरसे, कवड्या, शिक्के आणि रंगीत दोऱ्याचं भरतकाम. आरसा चिकटवलेला नसतो बरं का. त्याच्याभोवती दोऱ्याची चौकट विणून तो धरून ठेवलेला असतो. एकेक आरसा असा बसवत गेलं की एका फेटियाला किती दिवस लागत असतील, तुम्हीच विचार करा.

हीच कला कर्नाटकात बल्लारी जिल्ह्यातल्या संडूरला चांगली टिकून आहे. तिथल्या लंबाणी भरतकामाला जीआय मानांकन आहे. २०२३ च्या जुलैत हंपीला जी-२० ची बैठक झाली तेव्हा तिथल्या बायकांनी केलेल्या १७५५ वस्तू एकत्र मांडल्या होत्या आणि त्याचा गिनेस विक्रम झाला.

आता दागिने. केसांच्या बटांत दोन्ही बाजूंनी गुंफलेली, गालाशी लोंबणारी घुगरी आणि तिच्यावरची टोपली. दंडावर पांढऱ्या बांगड्यांची रांग, म्हणजे चुडो. पूर्वी हा चुडो हस्तिदंती असायचा. मग हाडाचा आला, आता प्लॅस्टिकचा. माझी पहिली मोठी चूक झाली ती नेमकी या दागिन्यांत.

आजीनं कात्री मागितली

मी मुलांसाठी एक कृतिपत्रिका केली होती. कागदी बाहुली, शेजारी कपडे आणि दागिने. कापा आणि बाहुलीला घाला. बाहुली मुद्दाम शाळेतल्या मुलीच्या वयाची केली, म्हणजे मुलांना ती आपल्यातली वाटेल. डोक्याला घुगरी, दंडात चुडो, एकदम झकास. चित्रकारानं मन लावून काढलेली.

छापायच्या आधी एकदा दाखवून घेऊ म्हणून गेवराईच्या बाजूला एका तांड्यावर गेले. तिथे एक आजी भेटल्या. रोजच्या जगण्यात अजून फेटिया-कांचळी घालणाऱ्या तांड्यावर त्या एकट्याच उरल्यात. सुना साडीत, नाती पंजाबी ड्रेसमध्ये. मी कागद पुढे केला. आजींनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि विचारलं, "पोरी, ह्या लेकराचं लगीन कवा लावलंस?"

मला कळेना. मग त्यांच्या सुनेनं सांगितलं. घुगरी आणि चुडो ही लग्न झालेल्या बाईची खूण. नवरा गेला की उतरवायची. आणि मी ते दहा वर्षांच्या मुलीला घातलं होतं! ज्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाण्याआधी पोरींची लग्नं कमी वयात उरकली जातात, त्या जिल्ह्यातल्या शाळांसाठी मी खेळ केला होता की लहान मुलीला लग्नाचे दागिने घाला आणि टाळ्या वाजवा.

आजी रागावल्या नाहीत. कात्री मागितली आणि बाहुलीच्या डोक्यावरची घुगरी कापून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "हे तुझ्याजवळ ठेव."

तो कागदाचा तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे.

दुसरी चूक पाटीची. मी लिहिलं होतं, 'बंजारा स्त्रिया आरशांनी मढवलेला पोशाख घालत असत. जंगलातून प्रवास करताना आरशांच्या चमकण्यानं हिंस्र प्राणी दूर पळत.' इंटरनेटवर दहा ठिकाणी हे वाचायला मिळतं. सुनेनं वाचून दाखवलं तेव्हा आजी पदर तोंडाला लावून हसल्या. "आमाला चांगलं दिसतंय म्हणून लावतो की. तू टिकली कशाला लावतीस? वाघ पळावा म्हणून?"

आता कुठल्या तरी काळी, कुठल्या तरी तांड्यात तसं म्हणत असतीलही. पण माझ्यापुढे बसलेली बाई सांगत होती की आवडतं म्हणून. आपल्या आवडीला आपण आवड म्हणतो आणि दुसऱ्याच्या आवडीला काहीतरी कारण चिकटवतो. आणि 'घालत असत' या शब्दांवर तर त्यांनी बोटच ठेवलं. सुनेला म्हणाल्या, "तिला सांग, मी अजून मेले नाही."

तिसरी चूक विषयाच्या नावातच होती. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो, तेलंगणात अनुसूचित जमातीत आणि कर्नाटकात अनुसूचित जातीत. माणसं तीच, बोली तीच, फेटिया तोच, पण राज्याची हद्द ओलांडली की कागदावरचं नाव बदलतं. या नावांवर नोकऱ्या, शिक्षण, मोर्चे, सगळं अवलंबून आहे. मग पेटीवर काय लिहायचं? आम्ही तांड्यावरच्या लोकांनाच विचारलं. ते म्हणाले, गोर बंजारा लिहा. तेवढंच लिहिलं. कुणी काय ठरावं हे ठरवणं पेटीचं काम नाही.

फेटिया विकत घ्यायचा की नाही

आता सगळ्यात अवघड भाग. पेटीत अस्सल फेटिया ठेवायचा होता आणि त्यासाठी पैसे मंजूर होते. आजींच्या लोखंडी ट्रंकेत एक होता, लग्नातला. तळाला, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. मी किंमत विचारली.

त्या म्हणाल्या, असे विचारणारे बरेच येऊन गेले. व्यापारी मोटारसायकलवर येतात आणि जुने फेटिये, कांचळ्या घेऊन जातात. तोडीला जायच्या आधी नाहीतर दवाखान्याची नड असली की बायका विकतात. पुढे त्या कापडाचे तुकडे होतात आणि त्यांच्या पर्स, उशीचे अभ्रे, भिंतीवरचे पडदे बनतात. शहरातल्या प्रदर्शनात तुम्ही 'बंजारा पॅचवर्क' पाहिलं असेल. सुंदर दिसतं. पण ते कुणाच्या तरी आजीच्या लग्नातलं कापड असू शकतं आणि ती कोण, हे पिशवीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

मी म्हटलं, आमचं तसं नाही आजी, आम्ही जपून ठेवू. त्यावर त्या म्हणाल्या, "मी बी जपूनच ठिवलाय."

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. संग्रहालयवाल्यांना वाटतं की वस्तू आपल्याकडे आली म्हणजे वाचली. पण इथे वस्तू वाचलेलीच होती. जिची होती तिच्याकडे होती.

शेवटी मी संग्रहालयाला कळवलं की खरेदी करायची नाही. तो पैसा आम्ही दुसरीकडे वापरला. तांड्यावरच्या ज्या चार बायकांना अजून टाका येतो त्यांच्याकडून नमुने करून घेतले, वीतभर कापडाचे. एकावर नुसता आरसा बसवलेला, एकावर कवड्या, एकावर किनारीचं भरतकाम. एक मुद्दाम अर्धवट सोडलेला, सुई-दोऱ्यासकट, म्हणजे मुलांना टाका कसा जातो ते दिसेल. मजुरी रोजानं दिली, नगावर नाही. नगावर दिली की हात घाई करतो.

अस्सल फेटियाचे आम्ही फोटो काढले, खऱ्या मापाचे, आणि ते कापडावर छापून घेतले. ते कापड वर्गात पसरलं की फेटियाचा घेर केवढा असतो ते कळतं. आणि फोटो काढायला ट्रंक उघडलीच होती, तर मला येत होतं ते मी आजींना सांगितलं. आरशांच्या दोन थरांमध्ये धुतलेलं मऊ सुती कापड घाला, प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, घडी दरवेळी वेगळ्या जागी मोडा, शिक्क्यांना हिरवट चढायला लागलं तर त्याच्याखाली कापड सरकवा. संग्रहालयाचं शास्त्र ट्रंकेपर्यंत गेलं, ट्रंक संग्रहालयात आली नाही.

पेटी शाळेत पोचली

पेटी तयार झाली डिसेंबरात. मोठ्या उत्साहानं पहिल्या शाळेत घेऊन गेले. गुरुजी म्हणाले, "मॅडम, तांड्यावरची निम्मी पोरं आत्ता फडावर आहेत. मार्च-एप्रिलला येतील."

बंजारा पोशाखाची पेटी आली होती आणि बंजाऱ्यांचीच लेकरं वर्गात नव्हती. बीडची असून मला हे सुचू नये? पेटी परत नेली. आता तिचं वेळापत्रक जून ते सप्टेंबर असतं. त्यातच श्रावणातली तीज येते, तांड्यावर पोरींचा सण. टोपलीत गहू पेरतात, गाणी म्हणतात. ठेवणीतला फेटिया बाहेर निघतो तो अशाच दिवशी.

जूनमध्ये परत गेलो. शिक्षकांच्या मार्गदर्शिकेत मी पहिली कृती लिहिली होती, 'वर्गात तांड्यावर राहणारी मुलं कोण आहेत? त्यांना पुढे बोलवा आणि त्यांच्याकडून माहिती घ्या.' मला वाटलं, केवढा मान देतोय आपण. गुरुजींनी विचारलं, "कोण कोण?" एकही हात वर झाला नाही. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं तर मान खाली घालून दप्तरात काहीतरी शोधायला सुरुवात केली. बाजूची पोरं तिच्याकडे बघायला लागली.

आणि मला एकदम ती सतरंजीवर बसलेली माझ्या वर्गातली मैत्रीण आठवली. पेटीतली वस्तू काचेबाहेर काढायच्या नादात मी त्या मुलीलाच काचेत उभं करत होते.

त्या रात्री पहिली कृती खोडली. आता पहिल्या दिवशी पेटी उघडतच नाही. सगळ्यांनी घरून एक जुनं कापड आणायचं, नाहीतर त्याची गोष्ट आणायची. मग काय काय येतं! धनगराच्या घरातून घोंगडी येते. इरकली लुगड्याचा काठ येतो. आजोबांचा पटका, नमाजाची टोपी, फाटक्या साड्यांची वाकळ. प्रत्येकानं सांगायचं, हे कुणी केलं, कुणी वापरलं, आता का वापरत नाही. अख्खा वर्ग आपापल्या घरचं बोलून झाला की दुसऱ्या दिवशी पेटी उघडते. तेव्हा फेटिया हा विसांतला एक असतो. कुणी एकटं पडत नाही.

त्या मुलीनं पहिल्या दिवशी काहीच आणलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नमुन्याचे तुकडे हातोहात फिरत होते. अर्धवट सोडलेला तुकडा तिच्याकडे आला. तिनं सुई उचलली आणि चार टाके घातले, बोलली काही नाही. शेजारची म्हणाली, "ए, मला दाखव ना." बस, एवढंच झालं. मी सुद्धा काही बोलले नाही. तुम्हाला टाळ्यांचा शेवट हवा असेल, तर तसं काही नाही झालं.

पाटीवर शेवटी काय आहे

पाटी आम्ही चार ओळींची ठेवली. पहिली ओळ, ही वस्तू काय आहे, गोरबोलीत आणि मराठीत. दुसरी, ती कुणी शिवली आणि कशासाठी. तिसरी, ती बाई आज काय घालते आणि का. चौथी ओळ त्या बाईचंच एक वाक्य, तिच्या शब्दांत. शेजारी क्यूआर कोड, स्कॅन केला की आजींचा आवाज ऐकू येतो. तांड्यावर रेंज नसते, म्हणून तोच आवाज मेमरी कार्डवर आणि एका छोट्या स्पीकरवरही दिलाय.

तिसरी ओळ लिहायला सगळ्यात वेळ लागला. आजींच्या सुनेनं फेटिया का सोडला? तिनं सांगितलं, उसात चालत नाही. पाचट अडकतं, भिजला की उचलवत नाही. बाजारात गेलं की लोक वळून बघतात. आणि शिवायला वेळ कुठाय? आम्ही तिची कारणं तशीच लिहिली. 'आधुनिकीकरणामुळे लोप पावत चाललेली कला' असं लिहिलं असतं तर एका ओळीत भागलं असतं, पण त्यात पाचट आलं नसतं, फड आला नसता.

आजींचं नाव पाटीवर आहे. त्यांनी मुद्दाम लिहायला लावलं. पण आज मी ते सांगणार नाही. त्यांनी परवानगी शाळेतल्या पेटीपुरती दिली आहे. मी विचारलं होतं, मोबाईलवर सांगू का? म्हणाल्या, "मोबाईलवर कोण बघतंय ते मला कसं कळणार? शाळेतली लेकरं मला दिसत्यात." एकदा घेतलेली परवानगी सगळीकडे चालत नाही, हेही मी या कामात शिकले.

तुम्हाला कधी जमलं तर वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला जा. ५ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे बंजारा विरासत नंगारा संग्रहालय सुरू झालंय. मोठं आहे, बघण्यासारखं आहे. पण त्याआधी एक काम घरच्या घरी करता येईल. तुमच्या आजीची ट्रंक, बोचकं, कपाटाचा वरचा कप्पा, जे असेल ते एकदा तिच्याबरोबर उघडा. फोनचा रेकॉर्डर लावा, पण तिला विचारून लावा. प्रश्न चारच. हे काय आहे, कुणी केलं, कधी घातलंस, आता का घालत नाहीस. आणि पाचवा, हे रेकॉर्डिंग कुणाला ऐकवलेलं चालेल? ती नको म्हणाली तर ते फोनमध्येच राहू द्या. स्टेटसला टाकू नका.

आणि ती माझी वर्गमैत्रीण. मागच्या वर्षी तिचा नंबर मिळाला. मी तिला वीस वर्षं उशिरानं विचारलं, तू का नव्हतीस गं त्या नाचात? ती म्हणाली, "अगं, मॅडमनी मला घेतलं होतं. मी घरून याडीची खरी ओढणी आणली होती. त्या म्हणाल्या, ही जुनी दिसते, सगळ्यांची सारखी पाहिजे."

याडी म्हणजे आई.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.